‘डीएचए तेल’ म्हणून पामतेल: ₹२३,०५० चा चुना

ऐरोली-घणसोलीत घरच्या घरी क्लाउनफिश या शोभेच्या माशाची पैदास करणाऱ्यांनी आधी हे वाचा, मग कॅनचे पैसे पाठवा.

डीएचए (एक ओमेगा-३ फॅटी ॲसिड) असलेल्या मासळीच्या तेलाचा ३ लिटरचा कॅन ₹१६,५००, आर्टेमियाचा (माशांच्या पिल्लांना चारायच्या बारीक कोळंबीवजा जिवांचा) डबा ₹६,२००, कुरिअर ₹३५०. सगळं आगाऊ, यूपीआयने. विक्रेता वाशीचा. बिल ‘मागाहून’ देणार होता.

कॅन फ्रिजमध्ये ठेवला, तर सकाळी आतलं तेल पांढरं आणि घट्ट. मासळीचं तेल थंडीत फार तर गढूळ होतं, डालड्यासारखं बसत नाही. आणि वास? नावाला नाही. एरवी नाक धरणारी बायकोसुद्धा म्हणाली, “आज वास कसा नाही?” लगेच विक्रेत्याला फोन केला. “साहेब, डिओडराइज्ड माल आहे, एक्स्पोर्ट क्वालिटी!” अंडी त्याच रात्री फुटणार होती. ऐनवेळी दुसरं तेल आणायचं कुठून? तेच वापरलं. शहाणपण सांगणाऱ्यांनी ते जरूर सांगावं.

आर्टेमियात स्वतःचा डीएचए जवळपास नसतोच, म्हणून तर आपण त्याला आधी तेल पाजतो. (अंड्यातून निघाल्या निघाल्या नव्हे, तेव्हा त्याचं तोंडच उघडलेलं नसतं.) माशांच्या पिल्लांच्या डोळ्याच्या पडद्याला डीएचए लागतो आणि ती शिकार करतात नजरेवर. माझी पिल्लं ‘एस’सारखी वळायची, झेप घ्यायची आणि भक्ष्याच्या बाजूने निघून जायची. पुन्हा वळायची, पुन्हा हुकायची. भिंगाखाली पोट रिकामं. पट्टे यायच्या वयात अंगावर एक पट्टा नाही. विक्रेता म्हणतो, पाण्यात दोष! अहो, डीएचए न मिळालेली हेरिंगची पिल्लं मंद उजेडात शिकारीत कमी पडतात, हे १९९५ सालीच छापून आलंय.

खासगी लॅबमध्ये ₹४,२०० मोजून तपासणी केली. डीएचए आढळला नाही, पामतेल निघालं. बॅचचा फॅटी ॲसिड रिपोर्ट (डीएचए किती, ते त्यात दिसतं) आधी मागा. देत नसेल तर फोन ठेवा.

पोलीस ठाण्यात: “माल मिळाला ना? मग हा दिवाणी मामला.” कॅन टेबलावर ठेवला तर म्हणे, “उचला, वास येईल.” वास येत नाही हीच तर तक्रार आहे! पुढच्या सरकारी कार्यालयात शोभिवंत माशांचं टेबल वेगळं, त्या टेबलाचे साहेब मीटिंगला. अर्ज घेतला, पोच नाही. तिसरीकडे ऐकवलं, “धंद्यासाठी घेतलंत, तुम्ही ग्राहक नाही.” साफ चूक. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेला माल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसतो. कलम २(७) चं स्पष्टीकरण छापून न्या, तोंडी कोणी ऐकत नाही. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. बिलाशिवाय रुपया देऊ नका.

तोच निळा कॅन आता दुसऱ्या नावाने ₹१४,००० ला फिरतोय, बॅच नंबर पेनाने लिहिलेला. तुमच्याकडे असेल तर ओतून देऊ नका, झाकण सीलबंद करून ठेवा. माझ्या एकट्याच्या नमुन्यावर कोणी हलत नाहीये.