चित्र काढायला आधी काय शिकावं: कॅनव्हासवर ओतलेला रंग की पॅलेट नाइफ (रंग लावायचं बोथट पातं)?

अ‍ॅक्रिलिक ओतायचं तर 1 भाग रंगाला साधारण 2 भाग पोअरिंग मीडियम (रंग वाहता करणारं द्रव). काडीवरून मधासारखी सलग धार पडली की झालं. नुसत्या पाण्याने फार पातळ केलेल्या रंगाची पकड सुटते. कॅनव्हास अगदी समतल हवा, नाहीतर रात्रीतून सगळी नक्षी एका कोपऱ्यात ओघळते. जाड थर साचला तर वाळताना तडे जातात. वाळायला 1 ते 3 दिवस धरा.

हात घडवायचा असेल तर आधी नाइफच. ओतण्यात निम्मं श्रेय गुरुत्वाकर्षणाचं! नाइफला तयारी जवळपास नाही. ट्यूबमधला घट्ट रंग थेट घ्या, दर फटक्यानंतर पातं पुसा. ओल्या निळ्या-नारिंगीवर पुन्हापुन्हा पातं फिरवलं तर मातकट राडा होतो.