ग्राफिक्स कार्ड, सोलापूरचं ऊन आणि २७ अंशांचा फरक

आधी निकाल सांगतो, पुराण नंतर. कार्ड चांगलं आहे, म्हणजे आज माझ्या मशीनमध्ये बसलंय ते. पहिलं आलं ते सदोष निघालं. फर्मवेअर (कार्डातच बसवलेलं सॉफ्टवेअर) अपडेट केल्यानं त्याचा दोष गेला नाही, नुसता झाकला गेला. शेवटी वॉरंटीत बदलून मिळालं, पण सुखासुखी नाही. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. त्याच कंपनीची कार्डं ओळखीत दोघातिघांकडे बिनतक्रार चालतायत, आणि खालचा सगळा हिशेब कुठल्याही कंपनीच्या कार्डाला तसाच लागू पडतो.

माझा वापर गेमिंगचा नाही. टॉवेल-चादरीवाल्या व्यापाऱ्यांना माल मागावर चढण्याआधी कॅटलॉगसाठी चित्रं लागतात, ती मी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये करून देतो. चादर सोपी, पृष्ठभाग सपाट असतो. टेरी टॉवेल म्हणजे डोकेदुखी. त्यातली एकेक लूप केसासारखी उभी करावी लागते, लाखो लूप होतात, आणि त्यांच्यातून प्रकाश फिरवताना कार्ड तासन्‌तास शंभर टक्क्यांवर बसतं. गेममध्ये मेनू येतो, लोडिंग येतं, कार्डाला मधेमधे उसंत मिळते. रेंडरला, म्हणजे कॉम्प्युटरकडून असं चित्र तयार करून घेण्याला, ती नाही. त्यामुळे जे दुखणं गेमरला वर्षभरानं कळेल ते मला दोन-तीन महिन्यांत कळलं.

घर सोलापूरच्या पूर्व भागात, वरचा मजला, डोक्यावर थेट स्लॅब. मे महिन्यात दुपारी खोलीत ३६-३७ अंश हे नेहमीचंच. गल्लीत माग असल्यामुळे हवेत सुताचे बारीक तंतू तरंगत असतात. ते कार्डाच्या फिन्सवर (चिप थंड ठेवणाऱ्या कूलरच्या पातळ पत्र्यांवर) जाऊन बसतात आणि महिन्याभरात त्यांचा असा पापुद्रा जमतो की नखानं एका टोकाला उचलला तर अख्खा सोलून निघतो. खालून राखाडी, वरून ज्या रंगाचं सूत त्या हंगामात चालू असेल त्या रंगाचा. एकदा गुलाबी निघाला होता! तेव्हा कार्ड तापतंय म्हटल्यावर पहिला संशय त्याच्यावरच. ब्लोअर मारला (पंख्याचं पातं बोटानं धरून, मोकळं सोडलं तर हवेच्या झोतानं पंखा भलत्या वेगानं फिरतो आणि बेअरिंगची वाट लागते). एकदोन अंश उतरले, बाकी जैसे थे.

मग एचडब्ल्यूइन्फो हे तापमान वगैरे दाखवणारं सॉफ्टवेअर लावून आकडे बघायला बसलो. इथे जरा सावकाश वाचा, पुढचं सगळं यावरच उभं आहे.

बहुतेक लोक एकच आकडा बघतात, जीपीयू टेंपरेचर, म्हणजे कार्डाच्या मुख्य चिपचं तापमान. त्याच्याखाली बऱ्याच कार्डांवर हॉटस्पॉट नावाचा दुसरा असतो. चिपवर ठिकठिकाणी सेन्सर असतात, त्यांतला सगळ्यात तापलेला जो असेल तो हॉटस्पॉट. मेमरीचं तापमान तिसरं, ते काही कार्डांवरच दिसतं. निरोगी कार्डात पूर्ण लोडवर पहिल्या दोन आकड्यांत साधारण १० ते १५ अंशांचा फरक असतो. तो पंचविशीच्या पुढे गेला तर चिप आणि कूलर यांचा संपर्क सगळीकडे सारखा नाही असं समजावं. दोघांमधली थर्मल पेस्ट (उष्णता पुढे नेणारा लेप) एका बाजूला सरकली असेल, वाळली असेल, किंवा कूलरचे स्क्रू सारखे आवळलेले नसतील.

माझे आकडे मार्चमधले, खोली ३१ अंश: जीपीयू ८२, हॉटस्पॉट १०९. फरक २७. एवढ्यावर गेल्यावर कार्ड जीव वाचवायला स्वतःच क्लॉक (चिपचा वेग) खाली ओढतं, त्यामुळे रात्री सुरुवातीच्या फ्रेम (एकेक चित्रं) झटपट व्हायच्या आणि पहाटेच्या रखडायच्या.

सपोर्टला लिहिलं, तर उत्तर आलं की या मॉडेलसाठी नवीन व्हीबायोस आहे, आधी तो टाका. व्हीबायोस म्हणजे कार्डावरच्या छोट्या चिपमध्ये बसलेलं फर्मवेअर. किती वॅट ओढायचे, व्होल्टेज किती, पंखे कधी चालू करायचे आणि किती पळवायचे, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. ड्रायव्हर (कार्ड चालवणारं कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर) अपडेट वेगळा आणि हा वेगळा. ड्रायव्हर फसला तर परत टाकता येतो, फर्मवेअर अर्ध्यात फसलं तर कार्ड स्क्रीनच दाखवत नाही. म्हणून जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमधून जुन्या बायोसची प्रत काढून पेनड्राइव्हवर ठेवली, मशीन यूपीएसवर घेतलं आणि मगच कंपनीच्या साइटवरची फाइल चालवली. आपल्याकडे वीज कधी डोळा मारेल याचा नेम नाही, त्यामुळे यूपीएस नसेल तर या भानगडीत पडू नका. कार्डावर दोन बायोसचं बटण असेल तर फारच उत्तम, एक बिघडला तरी दुसऱ्यावर कार्ड चालू होतं. दुसऱ्या कंपनीच्या कार्डाचा बायोस नेटवरून उचलून टाकणारे बहाद्दर आहेत. वॉरंटीवर पाणी सोडायची तयारी असेल त्यांनीच ते करावं.

अपडेटनंतर खोली तेवढीच गरम, रेंडरही तोच. जीपीयू ७५, हॉटस्पॉट १०३. पहाटेच्या फ्रेम पुन्हा वेळेत होऊ लागल्या. दोन दिवस खूश होतो.

पण पंखे आता लवकर सुरू व्हायचे आणि पूर्वीपेक्षा बरेच जोरात पळायचे. दिवसा मागांच्या खडखडाटात ते कुणाला ऐकू येणार? रात्री माग थांबले की आईनं विचारलंच, "हे काय मिक्सर लावलाय का रे?" आकडे पुन्हा पाहिले. दोन्ही उतरले होते खरे, पण १०३ वजा ७५ म्हणजे २८. फरक जागचा हललाच नव्हता. आणि दोष गेला की नुसता झाकला गेला, याचं मला पटलेलं उत्तर तिथेच आहे.

उष्णतेचा रस्ता बघा. चिप, तिच्यावर पेस्ट, पेस्टवर तांब्याचा तळ, तिथून हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या), मग फिन्स, आणि शेवटी हवा. पंख्याचा संबंध फक्त शेवटच्या टप्प्याशी. फर्मवेअर पंखा पळवू शकतं, नाहीतर वॅट कमी करू शकतं. चिपच्या एका कोपऱ्यावरची पेस्ट सरकली असेल तर ती जागेवर आणणारं फर्मवेअर कुणी लिहिलेलं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये एएमडी या चिप बनवणाऱ्या कंपनीची ७९०० एक्सटीएक्स कार्डं आली तेव्हा हेच मोठ्या पातळीवर झालं. काही कार्डांचा हॉटस्पॉट ११० अंशांना टेकत होता. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीनं कबूल केलं की काही कूलरमधल्या व्हेपर चेंबरमध्ये (वाफेनं उष्णता पसरवणाऱ्या बंद डबीत) पाणीच कमी भरलं गेलं होतं. त्यावर अपडेट काढून उपयोग नव्हता, कार्डं बदलून द्यावी लागली.

मग सरळ सोलापुरातल्याच नवी पेठेतल्या दुकानात गेलो, जिथून कार्ड घेतलं होतं. घेताना दुसऱ्या एका ठिकाणी "बिल नको असेल तर बघू की" असं सुचवलं गेलं होतं. अठरा टक्के जीएसटी वाचतो म्हणून भुलणारे भुलतात. पक्क्या बिलाशिवाय, त्यावर सीरियल नंबर असल्याशिवाय, पुढचं काहीच झालं नसतं. बाहेर देशातून आणलेल्या कार्डांचंही तेच, भारतातल्या सर्व्हिस सेंटरला त्यांचा नंबर चालेलच असं नाही.

दुकानदार भला माणूस. म्हणाला, "मालक, कुरिअरनं पाठवलं तर वाटेत काय होईल सांगता येत नाही. तुम्हीच पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला नेऊन द्या." सोलापूरहून ते सोयीचं आहे, सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडायची आणि संध्याकाळच्या हुतात्मानंच परतायचं. कार्ड चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीत, पिशवी मूळ खोक्यात, आणि नंबराच्या स्टिकरचा फोटो मोबाइलमध्ये.

काउंटरवरच्या पोरानं पत्ता वाचला आणि हसला. "सोलापूर का? तिकडं तर ४४ डिग्री असतंय. कार्ड तापणारच की सर."

पोराचा दोष नाही, बहुधा त्याला असंच सांगायला शिकवलेलं असणार. कार्ड ठेवून घेतलं. आठवड्याभरानं निरोप आला, तपासलं, दोष आढळला नाही, घेऊन जा. एसीच्या खोलीत, उघड्या टेबलावर, थोडा वेळ चाचणी चालवली की कुठलंही कार्ड शहाण्यासारखं वागतं.

आता सोलापूरच्या उन्हाचा मुद्दा. तो नुसता ऐकून घ्यायचा नाही, खोडायचा. खोली १० अंशांनी तापली आणि पंख्याचा वेग तोच ठेवला तर चिपही साधारण तेवढीच वर जाते, आणि हॉटस्पॉटही. दोघं हातात हात घालून चढतात. त्यांच्यातलं अंतर खोलीच्या तापमानावर नाही, चिप किती वॅट खातेय आणि कूलर नीट बसलाय का यावर ठरतं. म्हणून कार्ड घरी आल्यावर पहाटे उठून चाचणी घेतली. खोलीत २६ अंश, बाजूचं झाकण काढलेलं, आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमधून पंखे ७० टक्क्यांवर कायम केलेले, रेंडर अर्धा तास. जीपीयू ७०, हॉटस्पॉट ९८. त्याच दिवशी दुपारी, खोलीत ३६ अंश, वॅट तेच, पंखे तेच. दोन्ही आकडे वर गेले, अंतर पुन्हा २८! एचडब्ल्यूइन्फोची नोंद एक्सेलमध्ये उघडून दोन आलेख एकाखाली एक ठेवले, शेजारी खोलीतल्या थर्मामीटरचा फोटो, नवीन बायोसचा आवृत्ती क्रमांक दिसेल असा स्क्रीनशॉट, आणि मेल पाठवली.

खरं तर अपडेटचा सगळ्यात मोठा फायदा इथे झाला. "आधी अपडेट करा" ही पळवाट त्यांना उरली नव्हती. मेलच्या शेवटी सभ्य भाषेत एवढंच लिहिलं की पुन्हा "दोष नाही" असं उत्तर आलं तर ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे सर्व्हिस सेंटर पुण्यात असलं तरी मला सोलापूर चालतं. तक्रार करण्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करता येतो. तशी वेळ आली नाही. यावेळी वरच्या एका इंजिनिअरचा फोन आला. त्यानं एकच प्रश्न विचारला, "कूलर कधी उघडला होता का?" उघडला नव्हता, स्क्रूवरचं स्टिकर शाबूत होतं. तो म्हणाला, आणून द्या, बदलून देतो.

या काळात गल्लीतल्या एका रिपेअरवाल्यानं थोडक्या पैशांत पेस्ट बदलून देतो म्हणून सांगितलं होतं. काम त्याला येतं, शंका नाही. पण वॉरंटी बाकी असताना ते स्टिकर फोडणं म्हणजे स्वतःच्या हातानं दार लावून घेणं. वॉरंटी संपली की मात्र त्याच्याकडेच जाईन, आणि पेस्टऐवजी तापल्यावर मऊ होणारी पीटीएम ७९५० ची शीट लावून घेईन, कारण ती पेस्टसारखी बाहेर सरकत नाही.

बदलीचं कार्ड यायला महिन्याच्या वर वेळ गेला. तोवर मावसभावाचं मशीन रात्री वापरलं, त्याचे उपकार वेगळेच. आलेलं कार्ड कोरं नव्हतं, दुरुस्त केलेलं होतं. मागच्या पत्र्यावर बारीक ओरखडा, साध्या खोक्यात, बरोबर एक केबलसुद्धा नाही. वॉरंटीत नवंच मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका, अटींमध्ये तसं लिहिलेलं असतं. आणि गंमत म्हणजे त्यात व्हीबायोस जुनाच! पुन्हा यूपीएस, पुन्हा प्रत, पुन्हा अपडेट. मग चाचणी: खोली ३२, जीपीयू ७१, हॉटस्पॉट ८४. फरक १३. पंखेही आता निवांत. निरोगी कार्डावर तोच अपडेट किती छान चालतो ते तेव्हा दिसलं.

त्या कार्डानं आता सोलापूरचा एक अख्खा उन्हाळा काढलाय. मे महिन्यात पॉवर लिमिट (कार्डानं किती वॅट ओढायचे याची मर्यादा) ८५ टक्क्यांवर ठेवतो. रेंडरला किरकोळ वेळ जास्त लागतो, पण पंख्यांचा आवाज बराच कमी होतो आणि विजेचं बिलही. भर दुपारी खोलीत ३७ असताना जीपीयू ७६, हॉटस्पॉट ८८ दिसला. ४४ डिग्रीवाल्या त्या पोराला हा स्क्रीनशॉट पाठवायची फार इच्छा झाली होती, नंबर नव्हता.

तक्रारी दोन राहिल्यात. पूर्ण लोडवर कार्डातून बारीक किणकिण येते, कॉइल व्हाइनची, म्हणजे विजेच्या गुंडाळ्या थरथरल्याची. त्यासाठी कोणी बदलून देत नाही, मीही मागितलं नाही. दुसरी मोठी: बदलीच्या कार्डाची वॉरंटी मूळ बिलाच्या तारखेपासूनच मोजतात, म्हणजे कार्ड सर्व्हिस सेंटरच्या कपाटात पडून होतं ते दिवसही माझ्याच खात्यावर. बदलीच्या कार्डाचा नवा सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर आपणहून चढत नाही, मेल करून चढवून घ्यावा लागतो आणि उत्तर जपून ठेवावं लागतं. तीन वर्षांची वॉरंटी पुढच्या डिसेंबरात संपते. त्याआधी ऑक्टोबर हीटमध्ये एकदा ७० टक्के पंख्यावरची तीच चाचणी घेणार आहे, आणि फरक विशीच्या पुढे दिसला तर पुन्हा सकाळची हुतात्मा.