सभासदाचा पाहुणा की ग्रीन फी भरणारा व्हिजिटर? ब्रिटनच्या जुन्या गोल्फ क्लबांत जाण्याच्या दोन वाटा

ब्रिटनमधील एखाद्या जुन्या, मानाच्या गोल्फ क्लबात खेळायचे मनात आले की बाहेरच्या माणसापुढे दोनच वाटा असतात. क्लबाने बाहेरच्यांसाठी राखून ठेवलेल्या दिवशी ग्रीन फी, म्हणजे एका फेरीच्या खेळाचे शुल्क, भरून व्हिजिटर म्हणून जायचे, किंवा ओळखीच्या सभासदाच्या निमंत्रणावरून त्याचा पाहुणा म्हणून जायचे. मी दोन्ही वाटांनी गेलो आहे. मैदान तेच असते आणि वाराही तोच असतो. मात्र क्लबाच्या अपेक्षा तुमच्यापर्यंत कशा पोहोचतात आणि त्या चुकल्या तर उत्तर कोणी द्यायचे, यात मोठा फरक आहे. निवड करताना बहुतेक जण खर्चाचा हिशेब आधी मांडतात. माझ्या मते तो हिशेब नंतरचा.

पेहरावाबद्दल फार लिहीत नाही. डेनिम चालत नाही, शर्टाला कॉलर हवी, आत शिरताना टोपी काढायची आणि गाडीपाशी उभे राहून बूट बदलायचे नाहीत, हे वाचकांना ठाऊक असेलच. या गोष्टी दोन्ही वाटांवर सारख्याच लागू होतात.

व्हिजिटरच्या वाटेचा पहिला गुण असा की तिच्यावर जवळजवळ सगळे लेखी असते. स्कॉटलंडमधील म्युरफिल्डचे उदाहरण घ्या. तिथल्या क्लबाने १७४४ साली लीथ येथे खेळाचे १३ नियम लिहून काढले आणि १८९१ साली तो आजच्या जागी आला. इतक्या जुन्या आणि स्वतःच्या रीतीला घट्ट धरून राहिलेल्या संस्थेनेही मंगळवार आणि गुरुवार हे दिवस परंपरेने व्हिजिटरांसाठी ठेवलेले आहेत. सकाळी फोरबॉल (दोन जोड्या, प्रत्येकाचा चेंडू वेगळा), मग जॅकेट आणि टाय घालून जेवण आणि दुपारी फोरसम्स (जोडीतले दोघे एकाच चेंडूला आळीपाळीने मारतात), असा तिथला प्रसिद्ध दिनक्रम आहे. हँडिकॅपचा, म्हणजे खेळातील कौशल्य दाखवणाऱ्या आकड्याचा, दाखला लागतो, काही खोल्यांत टायशिवाय प्रवेश नसतो, हे सारे आधीच कळते. सभासदत्व स्त्रियांना २०१७ च्या मतदानानंतर खुले झाले, पण व्हिजिटर म्हणून त्या त्याआधीही तिथे खेळत असत. म्हणजे ही वाट सभासदत्वाच्या दारापेक्षा पुष्कळ आधी उघडी होती.

स्कॉटलंडमधल्याच सेंट अँड्र्यूज गावचे ओल्ड कोर्स हे मैदान म्हणजे याच वाटेची दुसरी तऱ्हा. ती जमीन सार्वजनिक आहे. दोन दिवस आधी सोडतीत नाव द्यायचे आणि निकालाची वाट पाहायची. रविवारी एरवी खेळ बंद, त्या दिवशी गावकरी तिथे फिरायला येतात. उन्हाळ्याच्या हंगामात फी ३०० पौंडांच्या पुढे जाते. मात्र पहिल्या टीच्या, म्हणजे पहिला फटका मारण्याच्या जागेच्या, मागे उभी असलेली, १८५४ सालची दगडी इमारत त्या फीत येत नाही. ते क्लबहाउस रॉयल अँड एन्शंट या क्लबाच्या सभासदांचे आहे. मैदान सर्वांचे आणि दार सभासदांचे, हे चित्र तिथे काही पावलांच्या अंतरात दिसते, आणि पाहुणा होण्याची ओढ का वाटते तेही तिथेच कळते.

कारण पाहुणेपणात जे मिळते ते फी भरून मिळत नाही, हे मला मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. व्हिजिटरला बहुधा आठवड्याच्या मधले दिवस आणि अनेक ठिकाणी फक्त पिवळ्या खुणांच्या, थोड्या पुढच्या टी मिळतात. त्याचे स्वागत नीट होते, पण भिंतीवरच्या तसबिरीतला माणूस कोण, हे त्याला कोणी थांबून सांगत नाही. पाहुण्याला हे सगळे मिळते. माझ्या यजमानांनी मला इंग्लंडमधील त्यांच्या क्लबात एका शनिवारी नेले होते. कोणत्या बंकरपासून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यापासून, दूर राहायचे, फोरसम्समध्ये जोडीदार फटका मारत असताना आपण पुढे चालत जाऊन कुठे उभे राहायचे, हे त्यांनी मला चालता चालता शिकवले. तीन तासांच्या आसपास अठरा होल झाले, आणि गोल्फ इतक्या गतीने आणि इतक्या शांतपणे खेळता येतो हे मला त्या दिवशी प्रथम कळले. ती सकाळ मी विसरणार नाही.

पण माझा निर्णय ठरला तो त्याच दुपारी. क्लबहाउसमध्ये बसलो असताना माझ्या जॅकेटच्या खिशातला फोन वाजला. आत फोन चालत नाही हे मला माहीत होते. तो बंद करायचा राहून गेला होता. मी लगेच बंद केला. मला कोणी काही बोलले नाही, कोणी वळूनही पाहिले नाही, आणि मला वाटले की गोष्ट तिथेच संपली. तीन आठवड्यांनी यजमानांच्या पत्नीच्या बोलण्यातून मला कळले की सेक्रेटरींची चिठ्ठी यजमानांना आली होती आणि त्यांनी उलट पत्र लिहून क्षमा मागितली होती. मला त्यांनी त्यातले अवाक्षर कळू दिले नव्हते. मी सेक्रेटरींना स्वतः लिहितो म्हणालो, तर त्यांनी हळूच समजावले की तशी रीत नाही. पाहुण्याचे वर्तन सभासदाच्या नावावर लिहिले जाते, आणि त्याची भरपाईही त्यानेच करायची असते. त्या दिवशीच्या चहाचे बिलसुद्धा मला देता आले नव्हते, कारण तिथे सभासदाची सही चालत होती, पैसे नव्हेत.

रीत म्हणून मला ती समजते, आणि तिच्यात एक प्रकारची प्रतिष्ठा आहे हेही मी नाकारत नाही. परंतु माझी चूक दुसऱ्याने निस्तरावी आणि ती निस्तरली गेल्याचे मला कळूही नये, हे मला आजही बोचते. पुढे एका दुसऱ्या क्लबात मी व्हिजिटर म्हणून गेलो असताना अर्ध्या चड्डीखाली माझे मोजे नियमापेक्षा आखूड भरले. खेळाडूंना क्रमाने खेळायला सोडणाऱ्या स्टार्टरने मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितले, मी प्रो-शॉपमधून, म्हणजे क्लबातल्या दुकानातून, लांब मोजे घेतले, आणि पाच मिनिटांत पहिल्या टीवर उभा राहिलो. चूक माझी होती, सांगितले मला गेले आणि दुरुस्तही मीच केली.

ज्यांचे यजमान सख्ख्या भावासारखे आहेत त्यांना हा भार कदाचित जाणवणार नाही. ज्यांना केवळ शनिवार-रविवारच मोकळा मिळतो, किंवा ज्यांचे मन अशा क्लबावर बसले आहे की जिथे सभासदाच्या निमंत्रणाशिवाय पाऊल टाकता येत नाही, त्यांनी निमंत्रण आले तर अवश्य स्वीकारावे. मात्र ते मागू नये, आणि जाण्यापूर्वी फोन गाडीत ठेवावा. पण ज्यांच्यापुढे दोन्ही वाटा खुल्या आहेत त्यांनी आधी सेक्रेटरींना स्वतःच्या नावाने पत्र लिहावे, सोबत हँडिकॅपचा दाखला जोडावा आणि मिळेल तो मधला वार घ्यावा, असे मी सुचवीन.

मी तेच केले. दोन वर्षांनी स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका क्लबात गुरुवारची वेळ माझ्या नावाने घेतली आणि माझ्या त्या यजमानांना सोबत खेळायला बोलावले. खेळून झाल्यावर चहा आला, तेव्हा त्यांनी सवयीने खिशातून पेन काढले. मी त्यांना थांबवले आणि पैसे भरले.