विहीर उपसायची की नवी बोअर मारायची?

ठाण्यात घोडबंदर रोडच्या दोन्ही अंगांना, कोलशेत-बाळकुमला, कावेसर-ओवळ्याला ज्या सोसायट्या जुन्या शेतांवर उभ्या राहिल्या, त्यांच्यापैकी काहींच्या आवारात कोपऱ्यात एखादी विहीर अजून तग धरून असते. वर जाळी, जाळीवर कुंड्या, आत प्लास्टिकच्या पिशव्या. टँकरचं बिल डोईजड झालं की कमिटीत विषय निघतो तो बोअरचा. विहिरीचं नाव कुणी काढत नाही. दोन्हींत निवड करायची असेल तर माझा कल विहिरीकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो. सगळीकडे मात्र नाही.

सुरुवात दगडापासून करावी लागते. ठाणे-नवी मुंबईच्या खाली बेसॉल्ट आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, थरावर थर. काळा पत्थर स्वतः पाणी धरत नाही. पाणी असतं वरच्या मुरमात, कुजलेल्या मांजऱ्या (बारीक भोकांच्या) खडकात, दोन थरांच्या सांध्यात आणि फटींत. अशा शंभर लिटर खडकातून हाती येतं ते दोन-तीन लिटर. म्हणून इथे वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडूनही एप्रिलमध्ये बोंब असते. जमीन जुलैतच भरते, उरलेलं ओढ्यांनी खाडीला जातं.

गावाकडचा अनुभव इथे लावू नका. विदर्भातल्या वणी किंवा कोरपन्याचा एखादा सभासद सांगेल, आमच्याकडे बोअरला धो धो पाणी लागतं. लागत असेल, तिकडे चुनखडक आहे. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि फटीत शिरून चुनखडक विरघळवत जातं. केसाएवढी चीर हजारो वर्षांत हात जाईल एवढी रुंद होते, कुठे गुहाही होते. तशा फटीवर बोअर बसली की चांदी, दहा फूट बाजूला पडली की धूळ. शिवाय एवढ्या रुंद वाटेने गटाराचं पाणीही न गाळता थेट आत येतं, ते वेगळंच. बेसॉल्टच्या फटी अशा वाढत नाहीत, उलट माती आणि कॅल्साइटने (चुन्याच्या खनिजाने) बुजत जातात, आणि खोल जाल तशा कमी होतात. त्यामुळे ‘अजून शंभर फूट मारू’ हा इथे बहुतेक वेळा बोअर मारणाऱ्या गाडीवाल्याच्या फायद्याचा सल्ला असतो.

आता साठ्याचा हिशेब. १५ फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे ५,००० लिटर. ६ इंची बोअरमध्ये एक फूट पाणी म्हणजे जेमतेम साडेपाच लिटर. २०० फुटांची बोअर काठोकाठ भरलेली धरली तरी आत ११०० लिटरच. पंप सुरू केला की थोड्याच वेळात ते संपतं आणि पुढे फट देईल तेवढंच मिळतं. बोअर रोजंदारीवर जगते, विहिरीला गल्ला असतो.

४० फ्लॅट, घरटी चार माणसं, फ्लशला माणशी ४५ लिटर धरले तर दिवसाला ७,२०० लिटर लागतात. म्हणजे त्या विहिरीत चोवीस तासांत दीड फूट पाणी चढलं तरी फ्लशचा प्रश्न सुटला. तासाला ३०० लिटर देणारा झरा पुरतो. एवढ्याच आवकेच्या बोअरवर पंप सतत कोरडा पडून जळेल.

बोअर मारताना पाणी लागलं की ‘दीड इंच’, ‘दोन इंच’ असं सांगतात. हे माप पाण्याच्या वाटेत लावलेल्या पत्र्याच्या V आकाराच्या खाचेवरून वाहणाऱ्या पाण्याच्या उंचीचं असतं. काटकोनी खाचेला एक इंच म्हणजे तासाला साधारण ५०० लिटर, पण दोन इंच म्हणजे हजार नाही, जवळजवळ २,९००. अर्धा इंच इकडेतिकडे झाला तरी हिशेब कोलमडतो. त्यात कॉम्प्रेसरने उडवलेलं पहिल्या दिवसाचं पाणी बघून सगळे पेढे वाटायला निघतात. ते पाणी खडकात साचलेलं असतं. खरी आवक कळते मे महिन्यात, पंप सलग चार-सहा तास चालवून. पाणाड्या आणून नारळ फिरवायचा असेल तर फिरवा, पण मोजमाप आपलं आपण करा.

जागेचा प्रश्न मात्र विहिरीच्या बाजूने नेहमीच सुटत नाही. येऊरच्या डोंगरपायथ्याशी मुरूम जाड असेल तर दोन्हीही चालतात. कळवा, कोपरी, खाडीलगतचा कोलशेतचा भाग इथे खोल बोअर म्हणजे खारट पाण्याला आमंत्रण. पंप जोरात चालला की गोड पाण्याची पातळी खाली जाते आणि खाडीचं पाणी आत सरकतं. उथळ विहिरीतून वरचं गोडं पाणी हळूहळू उचललं तर ते बराच काळ टिकतं. नवी मुंबईत वाशीसारख्या, भराव टाकून केलेल्या भागांत खाली खाडीचा चिखल असतो, केसिंग (बोअरची बाजू ढासळू नये म्हणून आत घालतात तो पाइप) खोलवर न्यावं लागतं आणि हाती येतं ते बहुधा मचूळ पाणी. तिकडे महापालिकेचं मोरबे धरणाचं पाणी असताना बोअरची हौस मला कळलेली नाही. घणसोली, गोठिवली, तळवलीच्या गावठाणांत जुन्या विहिरी असतील तर गोष्ट वेगळी.

पाण्याच्या दर्जात दोघांचे दोष वेगळे. बोअरचं पाणी जड असतं, साबण फेसत नाही, काही ठिकाणी लोहामुळे टाक्यांना तांबडे डाग पडतात. विहिरीचं पाणी चवीला बरं, पण त्यात पावसाळ्यात मैलापाणी झिरपण्याची भीती. सेप्टिक टँक किंवा ड्रेनेज लाइन १५ मीटरच्या आत असेल तर ते पाणी पिण्याचा विचार सोडा. तपासणीला देताना विरघळलेले क्षार (लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत उत्तम), क्लोराइड (२५०), नायट्रेट (४५) आणि ई-कोलाय (मैल्यातले जंतू), एवढं तरी मागाच.

देखभालीत विहीर जास्त कटकटीची आहे, हे मान्य. गाळ दर दोन-तीन वर्षांनी काढावा लागतो, झाडांची मुळं बांधकामात घुसतात, गप्पी मासे सोडले नाहीत तर डास. गाळ काढायला माणूस उतरवण्याआधी आत हवा खेळती करा, कमरेला दोर आणि वर दोन माणसं हवीतच. पेट्रोल-डिझेलचा पंप विहिरीत उतरवून कुणी चालवू लागला तर काम तिथेच थांबवा, त्याच्या धुराने माणसं जातात. ब्लिचिंग पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम, आधी बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळ दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली दोराने पाण्याखाली नेऊन हलवायची. तासभर थांबून मग पंप सुरू. सरळ मुठी फेकणारे चौकीदार खूप पाहिलेत.

बोअरला हे काही लागत नाही, आणि नेमकं तेच फसवं आहे. काही वर्षं कुणी बघत नाही, मग एक दिवस पाणी गढूळ येतं, पंप ओढत नाही, पाइप वर काढायला क्रेन लागते आणि ती आत येईल एवढी वाट पार्किंगमुळे उरलेली नसते. तेव्हा फ्लशिंगचा, म्हणजे कॉम्प्रेसरने बोअर साफ करून घेण्याचा, खर्च समोर येतो. बोअर मारतानाच तिच्या तोंडापर्यंत गाडी पोचेल अशी जागा राखा.

आवारात विहीर नाही, जागा डोंगराच्या बाजूला आहे आणि गरज थोडी आहे, तिथे मी बिनदिक्कत बोअर सांगेन. ६० मीटर, म्हणजे साधारण २०० फूट, ही मर्यादा स्वतःला घालून घ्या. राज्याच्या २००९च्या भूजल कायद्यात त्यापलीकडची ती ‘खोल विहीर’ धरली आहे. परवानगीचं महापालिकेत आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या ठाण्याच्या कार्यालयात आधी विचारून ठेवा. दर ठरवताना केसिंग वेगळं की धरून, आणि कोरडी गेली तर किती, हे लेखी घ्या. कोरडी गेलीच तर ती तळापासून वरपर्यंत दगड-मुरमाने बुजवायची आहे. उघड्या बोअरबद्दल सर्वोच्च न्यायालयाचे २०१०चे निर्देश तेच सांगतात. गाडी आवारात असतानाच बुजवून घ्या आणि शेवटचा हप्ता त्यानंतर द्या.