मांडवी एक्सप्रेसनं घरच्यांसह कोकण : तिन्ही ऋतूंतल्या वापरानंतर

मुंबईहून दिवसाउजेडी कोकणात उतरायचं तर वंदे भारत, तेजस, जनशताब्दी आणि मांडवी हे पर्याय आहेत. पहिल्या तिन्ही गाड्या पहाटे पाच ते सहाच्या दरम्यान सीएसएमटी सोडतात, मांडवी ७.१० ला. मडगावपर्यंत वंदे भारतला पावसाळा सोडून पावणेआठ तास लागतात, मांडवीला बाराच्या आसपास. कागदावर निकाल सरळ आहे. पण घरात सहा वर्षांचं पोर आणि सत्तरीच्या आजी असतील, तर उन्हाळा, पावसाळा, थंडी तिन्हींत वापरून झाल्यावर आमचं मत मांडवीच्या बाजूनं पडतं. पहिल्या तिन्ही खुर्चीच्या गाड्या आहेत, मांडवीत बर्थ आहेत. दुपारी दोननंतर पाठ टेकायला मिळणं आणि न मिळणं यात फार फरक पडतो. शिवाय पहाटे ५.२५ ची गाडी पकडायला मुलांना साडेतीनला उठवावं लागतं आणि ती दिवसभर किरकिर करतात.

अपवादही सांगतो. रत्नागिरी किंवा कणकवलीला उतरायचं असेल, सगळे धडधाकट असतील आणि दुपारच्या जेवणाला घरी पोचायचं असेल, तर वंदे भारत घ्यावी. मात्र ती पनवेलनंतर खेड, रत्नागिरी, कणकवली आणि थिवीलाच थांबते. चिपळूण, कुडाळ, सावंतवाडीवाल्यांच्या ती कामाची नाही.

आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सकाळी ८ ला उघडतं. पहिल्या दिवशीच काढायचं तर आयआरसीटीसीचं खातं आधारशी जोडलेलं हवं. हे काम आदल्या आठवड्यात उरकावं, सात-पन्नासला ओटीपीची वाट बघत बसू नये. गणपतीच्या तारखांबद्दल काय बोलणार, तिथे नशीबच लागतं.

खरी मेख बर्थच्या वाटपात आहे. ज्येष्ठांच्या खालच्या बर्थचा कोटा, म्हणजे पुरुष ६० आणि बायका ४५ वर्षांच्या पुढे, तिकिटावर जास्तीत जास्त दोघंच असतील तरच लागू होतो. सहा जणांच्या एका तिकिटात आजी-आजोबांना टाकलं, तर दोघांना वरचे बर्थ मिळण्याची पुरेपूर शक्यता असते. म्हणून त्या दोघांचं तिकीट आधी वेगळं काढावं. त्यावर आलेला डबा, समजा बी२, बाकीच्यांच्या तिकिटात पसंतीचा डबा म्हणून घालावा. हमी नसते, पण पहिल्या अर्ध्या तासात बहुतेक वेळा जमून जातं. क्रमांक कळले की आठनं भागावं : बाकी १ किंवा ४ उरली तर खालचा, २ किंवा ५ मधला, ३ किंवा ६ वरचा, ७ बाजूचा खालचा, शून्य उरलं तर बाजूचा वरचा. एसी थ्री टियरच्या ७२ बर्थांत साधारण २५ ते ४८ डब्याच्या मधोमध येतात. दारांची आपटाआपट आणि संडासाचा वास तिथवर पोचत नाही.

सकाळी ६ ते रात्री १० खालचा बर्थ हा तिघांची बैठक असतो, त्यामुळे मधला बर्थ दिवसा उघडायचा तर खालच्यांची संमती लागते. सहाही बर्थ घरचेच असतील तर प्रश्नच नाही. चारच असतील तर दोन खालचे आणि दोन वरचे ही सगळ्यांत सोयीची जोडी. वरचा बर्थ दिवसाही मोकळा असतो, तिथे बाबांनी जाऊन झोपावं आणि खाली आजीला पाय लांब करू द्यावेत. लहान मूल वर झोपवू नये, वळणांवर गाडी चांगलीच कलते.

पाच वर्षांखालचं मूल बर्थ न घेता फुकट जातं. पाच ते बारामधल्याला बर्थ नको असेल तर अर्धं तिकीट, बर्थ हवा असेल तर पूर्ण. बारा तासांच्या प्रवासात अर्ध्या तिकिटाची बचत मांडीवर बसते, हे लक्षात ठेवून निर्णय घ्यावा.

स्लीपर की एसी? नोव्हेंबर ते फेब्रुवारी स्लीपर, डोळे झाकून. उघड्या खिडकीतून जे दिसतं ते एसीच्या बंद, मळकट काचेतून दिसत नाही. एप्रिल-मे महिन्यांत एसीच. पावसात स्लीपरची खिडकी बंद करावी लागते, मग कोंदटतं आणि झडपेच्या फटीतून पाणी मांडीवर येतं, म्हणून तेव्हाही एसी. स्लीपरच्या लोखंडी झडपेची खिट्टी नीट बसली आहे का हे मुलांना खिडकीशी बसवण्याआधी बघावं. अर्धवट अडकलेली झडप धक्क्यानं खाली येते आणि बोटं चेचतात.

उन्हाचं गणित असं : जाताना गाडी दक्षिणेला जाते. सकाळचं ऊन डाव्या हाताला, दुपारनंतरचं उजव्या हाताला. येताना दुपारचं ऊन डावीकडे. सह्याद्री जाताना डावीकडे असतो, म्हणजे दुपारी डोंगरही दिसतात आणि सावलीही मिळते. समुद्र बघायला म्हणून उजवी खिडकी अडवणाऱ्यांची निराशा होते, ही लाइन किनाऱ्यापासून बरीच आत आहे. डब्याचं तोंड कुठल्या बाजूला जोडलं आहे ते आधी कळत नाही, त्यामुळे बर्थ क्रमांकावरून डावं-उजवं ठरवू नये.

बघण्यासारखा पट्टा चिपळूणनंतर सुरू होतो. उक्षी आणि भोके यांच्यामधला करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटर लांब आहे. रत्नागिरी सुटल्यावर पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल येतो. मुलांना आधी सांगून ठेवावं, नाहीतर तो नेमका जेवणाच्या ताटावर वाकलेले असताना निघून जातो. २०२२ मध्ये विद्युतीकरण पूर्ण झाल्यापासून बोगद्यात डिझेलचा धूर डब्यात भरत नाही. जुन्या प्रवाशांना हा फरक पहिल्याच बोगद्यात कळेल.

याच बोगद्यांमुळे मोबाइलचं नेटवर्क सारखं जातं आणि त्याचा फटका खाण्याला बसतो. ऑम्लेट हातात, पैसे अडकलेले आणि पँट्रीवाला पुढच्या डब्यात जायला उतावीळ, असं होतं. दहा, वीस आणि पन्नासच्या नोटा मिळून चारशे-पाचशे रुपये सुटे वरच्या खिशात असू द्यावेत. मुलांची कार्टूनंही घरूनच डाउनलोड करून आणावीत.

खाणं हे मांडवीचं मुख्य आकर्षण, आणि ती कीर्ती रास्त आहे. इडली-वडा, ऑम्लेट, कटलेट, भजी, बिर्याणी असं काही ना काही सतत फिरत असतं. गरम काय आहे ते हात लावून बघावं : पँट्रीच्या जवळच्या डब्यात वडा वाफाळता येतो, टोकाच्या डब्यात पोचेपर्यंत कोमट होतो. तरी सकाळी दहापर्यंतचं घरचंच न्यावं, कारण पनवेलपर्यंत चढ-उताराच्या गर्दीत फेरीवाल्याची वाट बघणं मुलांना जमत नाही. माणशी पाच-सहा तिखटमिठाच्या पुऱ्या किंवा तीन दशम्या, सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी. बटाट्याची भाजी उन्हाळ्यात अकराच्या आत संपवावी. ओल्या खोबऱ्याची चटणी नेऊच नये, दुपारी ती हमखास आंबते. काकडी चिरून नेली की डब्यात पाणी सुटतं, अख्खी न्यावी. पाणी एसीत माणशी एक लिटर, उन्हाळ्यात स्लीपरला दीड. संपलं तर रेल नीरची लिटरची बाटली १४ रुपयांना मिळते, वीस मागितले तर छापील किंमत दाखवावी.

गाडी का रखडते? रोहा ते वीर पट्टा सोडला तर कोकण रेल्वेची लाइन बहुतांशी एकेरी आहे. समोरून गाडी येत असेल तर एकीला स्टेशनात बाजूला थांबावं लागतं, आणि मांडवीचा मान वंदे भारत किंवा तेजसच्या खालचा. एकदा वेळ चुकली की पुढची क्रॉसिंगंही चुकत जातात. म्हणून पनवेलला वीस मिनिटं उशीर असेल तर सावंतवाडीला तो वीसच राहील असं धरू नये. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पावसाळी वेळापत्रक लागतं, वेग मुद्दाम कमी ठेवतात आणि उतरायच्या वेळा बदलतात. तेव्हाचं तिकीट काढताना जुन्या वेळा पाठ आहेत म्हणून विसंबू नये. गावाकडची शेवटची एसटी आणि गाडीची वेळ यांत किमान दोन तास मोकळे ठेवावेत. सावंतवाडी रोड स्टेशन गावापासून लांब आहे, रत्नागिरीचंही शहराबाहेर आहे. रिक्षा मीटरनं येत नाही, बसण्याआधी दर ठरवावा.

चढायचं कुठून? ठाणे, डोंबिवली, कल्याणवाल्यांनी सीएसएमटीला जाण्यात अर्थ नाही, पण ठाण्याला गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते. आजी-आजोबा आणि मुलं आधी, मागून एकानं सामान आत द्यायचं, दुसऱ्यानं आतून ओढायचं. चाकांची एक मोठी बॅग असण्यापेक्षा दोन मध्यम बऱ्या, त्या खालच्या बर्थखाली सरळ सरकतात. तिकीट सीएसएमटीहून असेल तर चार्ट लागण्याआधी बोर्डिंग स्टेशन बदलून घ्यावं. पहाटे पाच ते दुपारी दोनदरम्यान सुटणाऱ्या गाड्यांचा चार्ट आदल्या रात्री ८ पर्यंत लागतो, म्हणजे हे काम सकाळवर टाकू नये. न बदलता ठाण्याला चढलात आणि टीसीनं त्याआधी जागा दुसऱ्याला दिली तर वाद घालायला जागा उरत नाही. सीएसएमटीहूनच जाणाऱ्यांनी टॅक्सी पी. डिमेलो रोडच्या बाजूला घ्यावी, लांबच्या गाड्यांचे फलाट तिकडून जवळ पडतात.

संडास सकाळी ठीक असतात, बारा तासांच्या कोणत्याही गाडीत दुपारनंतर कठीण होतात. आता बायो-टॉयलेट असल्यामुळे डायपर किंवा पॅड आत टाकलं की टाकी तुंबते आणि पुढे सगळ्या डब्याला भोगावं लागतं. वर्तमानपत्राचा कागद आणि जाड पिशवी सोबत ठेवावी. तुंबलं असेल तर १३९ वर किंवा रेलमदत ॲपवर पीएनआर घालून तक्रार करावी, मोठ्या स्टेशनावर माणूस येण्याची शक्यता असते.

परतीची मांडवी मुंबईत रात्री उशिरा शिरते. नवी मुंबईवाल्यांनी पनवेललाच उतरावं, कल्याणकडच्यांनी ठाण्याला. दादर किंवा सीएसएमटीपर्यंत जाणाऱ्यांनी गाडी तासभर लेट असेल तर शेवटच्या लोकलचा हिशेब पनवेल यायच्या आधीच करावा आणि गरज वाटली तर टॅक्सी तिथूनच सांगून ठेवावी.