कानातला नाद: ध्वनियंत्र की वर्तनोपचार?

कानात अहोरात्र रातकिडे ओरडत असल्याने हैराण झालेल्या मावशीने विचारले, की यंत्र घ्यावे की समुपदेशकाकडे जावे? ध्वनियंत्राचा मंद आवाज नाद झाकतो आणि आराम तत्काळ मिळतो, पण ते बंद होताच पहाटेची शांतता पुन्हा अंगावर येते. (खर्चाचे म्हणाल, तर घरातला घरघरणारा पंखाही तेच काम करतो.) बोधात्मक वर्तनोपचाराने, म्हणजे विचार व वागण्याची सवय बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाने, नाद कमी होत नाही, मात्र ‘हा आवाज मला वेड लावणार’ हा विचार तपासण्याचा गृहपाठ काही आठवडे नेटाने केल्यास भीती व उदासी ओसरू शकते. अमेरिकी कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत या उपचाराची स्पष्ट शिफारस असून ध्वनिउपचार ऐच्छिक ठेवला आहे. केवळ झोप लागत नसेल, तर ध्वनियंत्र पुरे. मन खचले असेल, तर वर्तनोपचार. ऐकूही कमी येत असेल, तर आधी श्रवणचाचणी. आणि जीव नकोसा वाटत असेल, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ.