पत्र्याच्या खोलीतला रास्पबेरी पाय: दहा महिने वापरल्यावर

मागच्या ऑगस्टात चाळीसगावच्या माझ्या शिकवणीत रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक बसवला, दोन जीबी रॅमचा. पडदा म्हणून घरचा जुना टीव्ही. फळ्यावरचं गणित पोरांसमोर तिथल्या तिथे पडताळता यावं, एवढीच अपेक्षा.

आधी हौसेने सेज हे गणिताचं भलंमोठं सॉफ्टवेअर टाकलं. मेमरी कार्डावरची कित्येक जीबी जागा गेली आणि सुरू व्हायची वाट बघण्यात तास. काढून टाकलं. त्यानंतर आजतागायत पारी-जीपी आणि मॅक्सिमा ही गणिताची दोन हलकी सॉफ्टवेअरं, दोन्ही काळ्या पडद्यावर टाइप करून. बटणं नाहीत, रंग नाहीत. पहिले आठ दिवस पोरं नाक मुरडत होती.

मग एकदा भास्कराचार्यांचं गणित घेतलं. पाटणादेवीला आमची सगळी पोरं जाऊन आलेली. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेवाने मठ काढला, तो शिलालेख तिथलाच. गणित असं: कोणत्या संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला की पुन्हा पूर्ण वर्ग येतो? चक्रवाल या जुन्या पद्धतीने त्यांच्या 'बीजगणित' ग्रंथात आलेलं उत्तर: ती संख्या २२,६१,५३,९८० आणि येणारा वर्ग १,७६,६३,१९,०४९ चा. पारी-जीपीला अशा गणितासाठीची क्वाडयुनिट ही आज्ञा दिली, कंसात २४४, म्हणजे ६१ ची चौपट. एंटर दाबेपर्यंत उत्तर हजर, पण २९,७१८ आणि ३,८०५! मागून आवाज आला, "सर, यंत्र चुकनं वाटस."

चुकलं नव्हतं. ३,८०५ च्या वर्गाला ६१ ने गुणलं तर १ मिळवावा नाही, वजा करावा लागतो. तेव्हा २९,७१८ चा वर्ग येतो. २९,७१८ अधिक ३,८०५ गुणिले मूळ ६१, याचा वर्ग करायला लावला आणि भास्कराचार्यांचे दोन्ही आकडे जसेच्या तसे टीव्हीवर. तो तास संपला तरी कोणी उठेना.

मॅक्सिमा थोडं रेंगाळत उघडतं, पण त्याची एक खोड मला फार आवडते. एक्सचा एन-वा घात संकलनाला (इंटिग्रेशनला) दिला की ते उलट विचारतं, एनची किंमत उणे एक आहे का? बारावीची निम्मी पोरं हीच अट विसरतात.

आता रडगाणं. हिशेबाच्या वेगाने कधी अडवलं नाही. अडवलं विजेने आणि उन्हाने. सुरुवातीला मोबाइलचा चार्जर लावला होता, तर वीज कमी पडतेय हे सांगणारी विजेची खूण पडद्यावर सारखी यायची. ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर आणल्यावर ती थांबली. दिवाळीच्या आधी लाइट जाऊन-येऊन एक मेमरी कार्ड बाद झालं, सगळं पुन्हा बसवावं लागलं. मे महिन्यात पत्र्याखाली तर चिपचं तापमान ८० अंशांना टेकलं की यंत्र आपणहून हळू व्हायचं. छोटा पंखा लावलाय, दुपारचा वर्ग सकाळी सातला आणलाय (तो पोरांसाठीही बराच). बंद करताना आता रीतसर शटडाउन करतो, आणि सगळं भरून ठेवलेलं दुसरं कार्ड खडूच्या डब्यात असतं.